जमीन सुकली म्हणून भाव पिकत नाही

मार्च अर्धा सरला की ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या जंप रेसिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतींच्या, मंडळींत एक ठरलेलं प्रवचन सुरू होतं. हिवाळाभर चिखल तुडवणारे घोडे आता विसरा. ऊन पडू लागलंय, वारा सुटलाय, जमीन सुकतेय. आता कोरड्या जमिनीवर मोकळेपणाने पळणारे घोडे हुडका. बुकींचे भाव अजून डिसेंबर-जानेवारीच्या निकालांवर बेतलेले आहेत, म्हणून व्हॅल्यू उचलायची ती याच सहा आठवड्यांत. टिपस्टर हे सांगतात, पबमधले जाणकार सांगतात, आणि रेसिंगची गोडी लागलेले आपले लंडन-लेस्टरकडचे मित्रही आता तेच सांगू लागले आहेत.

हा सिद्धांत निव्वळ थाप असता तर त्याच्यावर शाई खर्च करायचं कारण नव्हतं. तो अर्धा खरा आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्याच्या आडोशाने खोटा अर्धा खिशात हात घालतो. जमीन सुकल्याने शर्यत बदलते, हे खरं. जमीन सुकल्याने पंटरच्या हाती काही जास्तीचं लागतं, हे खोटं. घोड्याची जिंकण्याची शक्यता वाढणं ही एक गोष्ट आणि त्या शक्यतेपेक्षा चढा भाव मिळणं ही दुसरी. प्रवचनकार पहिली सिद्ध करतात आणि दुसरी आपोआप सिद्ध झाली असं गृहीत धरतात.

आधी खऱ्या बाजूला तिचं माप देऊ. १९९० साली एनट्रीच्या ग्रँड नॅशनलमध्ये मिस्टर फ्रिस्क हा घोडा टणक जमिनीवर ८ मिनिटं ४७.८ सेकंदांत जिंकला. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्याच मोसमात पुढे त्याने सँडाउनचा व्हिटब्रेड गोल्ड कपही मारला. अकरा वर्षांनी, २००१मध्ये, ग्रँड नॅशनल पावसाने दलदल झालेल्या मैदानावर झाली. रेड मरॉडरला ११ मिनिटं ०.१ सेकंद लागले. चाळीस घोड्यांपैकी चारच पोचले, त्यातले दोन तर जॉकींनी पुन्हा स्वार होऊन आणलेले. एकाच शर्यतीच्या दोन विजेत्यांत सव्वादोन मिनिटांचा फरक! जमिनीचा परिणाम होत नाही असं म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

कारणही सरळ आहे. ओल्या जमिनीत पाय रुततो, प्रत्येक टापेला तो उपसून काढायचा म्हणजे ताकद जाते, आणि तीन मैलांच्या शर्यतीत शेवटी दमसास उरतो त्याचं राज्य असतं. जमीन सुकली की टाप उसळून येते, सगळी शर्यत वेगाने धावली जाते, अडथळ्यापाशी विचार करायला वेळ मिळत नाही. चपळ उडीचा, लवकर वेग धरणारा घोडा पुढे राहतो आणि पुढचा सहजी मागे येत नाही. काही घोड्यांची ठेवण आणि चाल एका प्रकाराला मानवते, काहींची दुसऱ्याला. इथवर प्रवचनकारांशी माझं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते पैशापाशी.

सिद्धांताचा पहिला आधार असा की बुकी हिवाळ्यात अडकलेला असतो. हे ऐकून बुकीला हसू येत असेल. जमीन सुकतेय ही गुप्त बातमी नाही. प्रत्येक रेसकोर्स आपलं गोइंग, म्हणजे जमिनीची अवस्था, जाहीर करतो, ते बदललं की पुन्हा जाहीर करतो, पुढच्या काही दिवसांचा हवामान अंदाज जोडतो, किती पाणी मारलं तेही सांगतो. बुकीच्या कचेरीत हे वाचणारी पगारी माणसं बसलेली असतात. शिवाय २००० साली बेटफेअर सुरू झाल्यापासून पंटरच एकमेकांशी सौदा करतात; तिथे ज्याला ऊन दिसतं तो घोडा घेतो आणि भाव खाली येतो. पाऊस पडण्याआधी हापूस स्वस्त होणार हे जसं अख्ख्या मंडईला ठाऊक असतं, तसं हे ज्ञान आहे: त्यावर धंदा होत नाही.

हिशोब मांडून बघू. सोमवारी एका घोड्याचा भाव १२-१ आहे. म्हणजे बाजाराच्या मते त्याची शक्यता तेरात एक, सुमारे ७.७ टक्के. आठवडाभर ऊन पडतं. घोडा कोरड्या जमिनीचा आहे, सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सकाळी भाव ७-१ होतो, म्हणजे १२.५ टक्के. धरून चालू की जमीन सुकल्याने त्याची खरी शक्यता सोमवारच्या ८ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेली. प्रवचनकार बरोबर होता, घोडा खरोखरच सुधारला. पण शनिवारी ७-१ने लावलेल्या १०० पौंडांची सरासरी परतफेड होते ८८ पौंड. सोमवारी १२-१ने लावले असते तर १४३. तोच घोडा, तीच जमीन, तेच ज्ञान. एकाला नफा, दुसऱ्याला तोटा. आणि गंमत अशी की सल्ला देणारे बहुतेक सगळे शनिवारी सकाळी बोलतात, कारण त्याआधी जमीन सुकेल की नाही याची त्यांनाही खात्री नसते. खात्री होईपर्यंत भाव गेलेला असतो.

याची उलटी बाजू प्रवचनात कधीच येत नाही. सगळ्यांनी चिखलाचे घोडे टाकून दिले की त्यांचे भाव चढतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. ८ टक्के शक्यतेचा घोडा ४ टक्के झाला आणि त्याला ३३-१ मिळू लागले, तर हिशोबाने लावण्याजोगा तोच. जमिनीच्या विरोधात घोडा धावूच शकत नाही असं थोडंच आहे? १९८९च्या चेल्टनहॅम गोल्ड कपच्या दिवशी हिमवर्षाव आणि पावसाने मैदान हेवी, म्हणजे सर्वांत जड, झालं होतं. डेझर्ट ऑर्किडला अशी जमीन आवडत नाही, डाव्या वळणाचं ते मैदानही त्याला मानवत नाही, हे इंग्लंडातल्या शाळकरी पोरांनाही माहीत होतं. शेवटच्या टप्प्यात त्याची गाठ पडली ती याहूशी, आणि याहू तर चिखलातलाच घोडा. तरीही डेझर्ट ऑर्किड दीड लेंथने, म्हणजे दीड घोड्याच्या लांबीने, जिंकला. जमिनीची आवड हा पारड्यातला एक दगड आहे, तराजू नव्हे.

दुसरा आधार गोइंगच्या पाटीचा. पाटीवर 'गुड' लिहिलं की प्रवचनकार घोड्याच्या जुन्या निकालांत 'गुड' शोधतात, तिथे एखादा पहिला-दुसरा क्रमांक दिसला की बोट ठेवतात. जणू गुड हे लिटर किंवा मीटरसारखं माप आहे. ते तसं नाही. पाटी लिहितो क्लार्क ऑफ द कोर्स. तो मैदानावर फिरतो, काठी खुपसून बघतो, आणि आता गोइंगस्टिक नावाचं उपकरणही वापरतो. जमिनीत टोक शिरायला किती जोर लागतो आणि ते तिरकं ओढायला किती, या दोन्हींवरून ते एक आकडा देतं; आकडा लहान तितकी जमीन मऊ. पण एका मैदानाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही, कारण माती वेगळी, गवत वेगळं, निचरा वेगळा. चेल्टनहॅमची चिकणमाती आणि मसलबराची समुद्रकाठची वाळू एकच आकडा दाखवतील, पण घोड्याच्या पायाला ती एकच वाटणार नाही. आयर्लंडमध्ये तर गुड आणि सॉफ्टच्या मध्ये 'यील्डिंग' ही वेगळीच पायरी आहे, जी ब्रिटनच्या पाटीवर नसते. आयरिश घोडा इंग्लंडात आला की त्याच्या निकालांचं भाषांतर प्रत्येक जण आपापल्या सोयीने करतो.

त्याहून मोठी गोम सुकण्याच्या क्रियेतच आहे. प्रवचन असं गृहीत धरतं की हेवी, मग सॉफ्ट, मग गुड टु सॉफ्ट, मग गुड, अशा पायऱ्या उतरत जमीन दर दिवशी थोडी थोडी सोपी होत जाते. प्रत्यक्षात पाण्याने भरलेली जमीन सुकू लागते तेव्हा मध्ये एक चिकट अवस्था येते. रेसिंगवाले तिला 'होल्डिंग' म्हणतात. पाणी उभं असताना टाप चिखलातून सपकन बाहेर निघते. ते आटलं की माती पाय धरून ठेवते. पाटीवर जमीन सुधारलेली दिसते आणि घोडे मात्र आधीपेक्षा जास्त दमतात. मार्चच्या अखेरीस इंग्लंडात जमिनीतून आणि गवतातून दिवसाला जेमतेम एक-दीड मिलिमीटर पाणी उडतं. एप्रिल संपताना ते दोन-अडीचवर जातं. म्हणजे फेब्रुवारीत भिजलेलं मैदान दोन दिवसांच्या उन्हाने सुकत नाही. ते याच चिकट अवस्थेत आठ-दहा दिवस लोळत राहतं. नेमक्या याच दिवसांत 'जमीन सुकतेय, वेगाचे घोडे घ्या' ही हाक सगळ्यात मोठ्याने ऐकू येते.

आणि पुढचं टोक? ते तर बहुधा येतच नाही. ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीचा जंप मैदानांना दंडकच आहे: गुड जमीन देण्याचं ध्येय ठेवा, गुड टु फर्मपलीकडे जाऊ देऊ नका. टणक जमिनीवर वेगाने उडी मारून उतरणाऱ्या घोड्याचे पाय आणि हाडं धोक्यात येतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून हा दंडक, आणि तो योग्यच आहे. चेल्टनहॅमचा मार्चमधला महोत्सव गुड टु सॉफ्टवर सुरू व्हावा असा तिथल्या लोकांचा प्रयत्न असतो आणि गरज पडली तर ते सरळ पाणी मारतात. एनट्रीलाही तेच. म्हणजे आकाशातून ऊन आणि खालून फवारे, अशी ही जमीन आहे. मिस्टर फ्रिस्कला मिळाली तशी जमीन आजच्या नॅशनलला कोणी मुद्दाम देणार नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या कोरड्या एप्रिलांचे दाखले देऊन आजचा घोडा निवडणारा माणूस आज नसलेल्या मैदानावर पैसे लावतो.

तिसरा आधार सर्वांत बळकट, म्हणून त्याचा समाचारही नीट घ्यायला हवा. युक्तिवाद असा: हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याला त्याच्या रेटिंगनुसार वजन मिळतं. कोरड्या जमिनीचा घोडा हिवाळाभर चिखलात हरतो, हँडिकॅपर त्याचं रेटिंग उतरवत जातो, आणि एप्रिलमध्ये तो आपल्या आवडत्या जमिनीवर पाच-सात पौंड हलकं वजन घेऊन उभा राहतो. म्हणजे सरकारी तराजूनेच त्याला सूट दिली. हे ऐकायला इतकं गोड आहे की मोठमोठे लोक त्याला भुलतात.

पण घोडा हिवाळ्यात का हरला, याचं उत्तर या युक्तिवादाने आधीच ठरवून टाकलेलं असतं: जमिनीमुळे. वयामुळे नाही, श्वासाच्या तक्रारीमुळे नाही, उडीवरचा विश्वास उडाल्यामुळे नाही, तबेल्यात आजार फिरत होता म्हणून नाही. हरलेल्या घोड्याच्या ट्रेनरला निमित्त म्हणून जमिनीइतकं सभ्य दुसरं काही नसतं. मालकाला सांगायला बरं, वर्तमानपत्रात छापायला बरं. पाच वेळा हरलेल्या पाच घोड्यांपैकी एक खरोखर जमिनीमुळे हरला असेल. उरलेले चार एप्रिलमध्येही हरतील, फक्त जरा जास्त वेगाने. प्रवचनकार पाचांनाही एकाच रांगेत बसवतात, आणि बाजारही हल्ली तेच करतो, म्हणून त्या खऱ्या एकाचा भावही फुटलेला असतो.

शिवाय ज्या 'गुड' निकालांवर बोट ठेवलं जातं ते आले कुठून? जंप रेसिंग उन्हाळ्यातही चालतं, पण तेव्हा चांगले घोडे कुरणात असतात. मे ते सप्टेंबरच्या कोरड्या जमिनीवर दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे घोडे धावतात. तिथे मिळवलेला पहिला क्रमांक जमिनीमुळे आला की समोर कोणी नव्हतं म्हणून, हे कागदावर दिसत नाही. कागदावर फक्त 'गुड, १ला' असं दिसतं.

हिवाळ्याचे निकाल फेकून द्या म्हणणाऱ्यांनी दोन घोड्यांचा जबाब द्यावा. टायगर रोल २०१८चं नॅशनल हेवी जमिनीवर एका डोक्याच्या फरकाने जिंकला आणि २०१९चं गुड टु सॉफ्टवर पावणेतीन लेंथने. पहिल्या वर्षी भाव १०-१, दुसऱ्या वर्षी ४-१. जमीन बदलली, घोडा तोच राहिला. दुसरा निक रॉकेट. त्याने २०२५च्या जानेवारीत गौरन पार्कची थाएस्टिस चेस जिंकली, फेब्रुवारीत फेअरीहाउसची बॉबीजो चेस जिंकली; दोन्ही ऐन हिवाळ्यातल्या आयरिश शर्यती. एप्रिलमध्ये तो नॅशनल जिंकला, तोही ३३-१ने. हे निकाल सगळ्यांसमोर उघडे होते. त्या वर्षी व्हॅल्यू कुठे असेल तर ती हिवाळ्याच्या पानांतच होती.

आता चौथी गोष्ट, जी प्रवचनात नसतेच आणि खिसा मात्र तीच कापते: माघार. जमीन सुकली की चिखलाच्या घोड्यांचे ट्रेनर त्यांना शर्यतीतून काढून घेतात. प्रवचनकार यावर खूश, कारण प्रतिस्पर्धी घटला. पण तुम्ही आधी भाव घेऊन ठेवला असेल तर 'रूल फोर' लागू होतो. ३-१चा घोडा माघारी गेला तर तुमच्या जिंकलेल्या प्रत्येक पौंडातून २५ पेन्स कापले जातात. म्हणजे घटलेल्या स्पर्धेची किंमत तुमच्याकडूनच वसूल होते. ईच-वे, म्हणजे अर्धे पैसे विजयावर आणि अर्धे प्लेसवर, लावणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. नेहमीच्या नियमांनुसार आठ घोडे धावले तर पहिल्या तिघांवर प्लेसचे पैसे मिळतात. सात धावले तर फक्त दोघांवर. वसंतात शर्यतींत घोडे कमी असतात, आठचे सात व्हायला सकाळची एक माघार पुरते. कोरड्या जमिनीवर मोठ्या भावाचा घोडा ईच-वे घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो तिसरा येतो आणि हाती शून्य पडतं. हा दोष दैवाचा नव्हे. सल्ला देताना घोडे मोजले नव्हते, एवढंच.

मोठ्या भावाच्या मोहाबद्दलही बोलायला हवं. व्हॅल्यू म्हणजे मोठा भाव, असा एक समज या प्रवचनाने रुजवला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी १९४९मध्येच दाखवलं होतं की पंटर लांबच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरिटवर कमी. त्यानंतर देशोदेशी हे तपासलं गेलं आणि ब्रिटनच्या बुकींच्या भावांतही ते दिसलं. म्हणजे डोळे मिटून २५-१चे घोडे घेणारा डोळे मिटून फेवरिट घेणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने बुडतो. त्यात बुकीचा वाटा वेगळा. शर्यतीतल्या सगळ्या भावांच्या टक्केवारीची बेरीज १०० नसते. मोठ्या हँडिकॅपात ती सहज १२०च्या वर जाते. १२०चा हिशोब धरला तर सरासरी पंटरला १०० पौंडांमागे ८३ परत मिळतात. जमिनीचं तुमचं ज्ञान आधी हे १७ पौंड भरून काढणार, मग तुम्हाला काही देणार.

यावर प्रवचनकार शेवटचं अस्त्र काढतात: निकाल बघा! मागच्या वसंतात अमुक घोडा २५-१ने आला, तमुक ३३-१ने. तर २०२५चाच वसंत घेऊ, कारण त्याहून कोरडा वसंत दाखल्याला मिळणार नाही. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या नोंदीत तो सर्वांत उबदार आणि सर्वांत लख्ख उन्हाचा वसंत ठरला. इंग्लंडमध्ये तर शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा. त्या मार्चमध्ये चेल्टनहॅमची चॅम्पियन हर्डल ही शर्यत गोल्डन एस २५-१ने जिंकली. झालं, कोरड्या जमिनीची करामत! प्रत्यक्षात काय घडलं? फेवरिट कॉन्स्टिट्युशन हिल पाचव्या हर्डलला पडला. मग स्टेट मॅन एकटाच पुढे होता, तो शेवटच्या हर्डलला पडला. मागून येणाऱ्या गोल्डन एसला रस्ता मोकळा मिळाला. घोडी गुणी होती, यात वाद नाही. पण तो निकाल जमिनीने लिहिला असं म्हणणं म्हणजे निकाल आधी वाचून कारण नंतर शोधणं.

आणि एका वसंताच्या यादीतून काही सिद्ध होतच नाही. ११ टक्के शक्यतेचे शंभर घोडे लावले तर सरासरी ११ जिंकतील, पण निव्वळ नशिबाने ८ किंवा १४ जिंकणं अगदी सामान्य आहे. ७-१च्या सरासरी भावाला बरोबरी साधायला साडेबारा लागतात. म्हणजे तोट्याचा खेळ खेळणारा माणूसही एखाद्या एप्रिलमध्ये १४ विजेते दाखवून छाती फुगवू शकतो आणि फायद्याचा खेळ खेळणारा ८ विजेत्यांवर मान खाली घालून घरी जाऊ शकतो. सलग वीस घोडे हरण्याची शक्यताही अशा खेळात दहात एक असते. ज्याला हे ठाऊक नाही तो एकविसाव्या घोड्यावर दुप्पट लावतो. जो मागच्या वसंताचे विजेते मोजून दाखवतो, त्याला एवढंच विचारावं: घेतलेल्या सगळ्या घोड्यांची यादी कुठे आहे, आणि प्रत्येकाचा भाव तुला नक्की किती मिळाला?

कोणी म्हणेल, मग बाजार सर्वज्ञ आहे असं म्हणायचंय का? अजिबात नाही. बाजार चुकतो, पण 'जमीन सुकली' एवढ्या ढोबळ गोष्टीत चुकत नाही. तो बारीक ठिकाणी चुकतो. पाटीवर गुड टु सॉफ्ट आहे, पण पहिल्या दोन शर्यतींच्या वेळा मैदानाच्या प्रमाणवेळेपेक्षा बऱ्याच संथ आल्या, म्हणजे जमीन पाटी सांगते त्यापेक्षा जड आहे; तिसऱ्या शर्यतीआधीच्या पंधरा मिनिटांत हे कळणाऱ्याला काहीतरी हाती लागू शकतं. पण त्यातही रेलिंग सरकवल्याने शर्यत किती यार्ड लांबली, हे वजा करावं लागतं; ते आकडे कोर्स जाहीर करतो आणि फार थोडे लोक वाचतात. रात्री पाणी मारलं आणि पहाटे अंदाजात नसलेली सर आली, तर मैदान सगळ्यांच्या समजुतीपेक्षा मऊ असतं. सुकलेल्या, वळणावळणाच्या मैदानावर पुढे पळणारा एकच घोडा असेल आणि बाकी सगळे मागे दबा धरणारे, तर त्या एकाला मोकळीक मिळते. गोइंगच्या पाटीइतकं लक्ष याकडे कोणी देत नाही. चेल्टनहॅमला झिजलेला घोडा तीन-चार आठवड्यांत एनट्रीला पुन्हा उभा केला जातो. त्याची थकावट जमिनीच्या गप्पांत झाकली जाते. हे सगळं शोधायला मेहनत लागते, ते दर शर्यतीत सापडत नाही, आणि सापडलं तरी फरक दोन-चार टक्क्यांचा असतो. शिवाय असा माणूस सातत्याने जिंकू लागला की बरेच बुकी त्याच्या खात्याला मर्यादा घालतात. हे ब्रिटनमध्ये उघड गुपित आहे. प्रवचनात हे येत नाही, कारण यातून टाळीचं वाक्य निघत नाही.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या जुन्या रेसकरांना यातलं बरंचसं नवं वाटणार नाही. आपल्याकडे अडथळ्यांच्या शर्यती नाहीत, पण जमीन आहे. पुण्याचा मोसम पावसाळ्यात असतो, जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो, आणि ओल्या ट्रॅकवरचा घोडा म्हणून कोणाला तरी डोक्यावर घेतलं जातं. तो घोडा आला तरी भावात काही उरलेलं नसतं, हे तिथे उभं राहिलेल्यांनी पुष्कळदा पाहिलं आहे. आपल्याकडे तर सप्टेंबर २०२५पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. तिथे व्हॅल्यूची भाषा करणंच धाडसाचं. म्हणून इथला रेसकर ब्रिटनच्या भावांकडे आशेने बघतो. बघायला हरकत नाही. पण कर कमी असला म्हणून हिशोबाचे नियम बदलत नाहीत.

तेव्हा वसंतातल्या सल्लागारांना एकच अट घालावी. घोड्याचं नाव सांगण्याआधी त्याची शक्यता टक्क्यांत सांगा, आणि किती भावाखाली तो घ्यायचा नाही तेही सांगा. ज्याला हे दोन आकडे देता येत नाहीत, त्याच्याकडे मत आहे, व्हॅल्यू नाही. आणि पंटरने स्वतःसाठीही हाच दंडक पाळावा: गोइंगची पाटी वाचा, हवामान वाचा, माघारी मोजा, मग बाजारातला भाव न बघता आपला भाव कागदावर लिहा. बाजार त्याहून बराच जास्त देत असेल तर लावा, तेही गमावले तर झोप उडणार नाही एवढेच. देत नसेल तर घोडा कितीही आवडता असो आणि जमीन कितीही सुकलेली असो, हात खिशातच राहू द्या. एप्रिलमधल्या बहुतेक शनिवारी तो खिशातच राहील, आणि वर्षाच्या हिशोबात ते शनिवार तोट्याचे नसतील.